सिल्वासातून अर्थशास्त्राचे ऑनर्स वर्ष कसे करावे

पदवीचे चौथे वर्ष करायचे की तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचे, हा प्रश्न आता सिल्वासातल्या मुलामुलींपुढेही येऊन उभा राहिला आहे. घरातला हिशेब सरळ असतो. कंपनीत भरती चालू आहे, मग वर्षभराचा पगार सोडून पुन्हा वर्गात कशाला बसायचे? हा हिशेब चुकीचा नाही. बँकेची परीक्षा, पोलीस भरती किंवा एखाद्या कारखान्यातले हिशेबाचे काम एवढेच मनात असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरे आहे. चौथ्या वर्षात अडकू नका. पण संशोधन, अध्यापन, धोरण आखण्याचे काम यांपैकी काही मनापासून करावेसे वाटत असेल, तर हे वर्ष जरूर करावे. आणि ते दादरा-नगर हवेलीत करायला मिळत असेल तर फारच उत्तम. जमीनदारीच्या खुणा, जंगल, धरण, करसवलतीवर उभे राहिलेले कारखाने, परराज्यातून आलेला मजूर आणि वारली-कोकणा कुटुंबांची शेती हे सगळे इथे ४९१ चौरस किलोमीटरमध्ये दाटीने नांदते आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकातली निम्मी प्रकरणे इथे दुचाकीवरून पाहता येतात.

हे वर्ष सार्थकी लागते ते संशोधन प्रकल्पामुळे. बाकीचे पेपर अभ्यासाने निघतात. प्रकल्पाला मात्र वेळापत्रक लागते, म्हणून पुढची सगळी कृती त्याच्याभोवती मांडली आहे.

आधी गुणपत्रक काढून बघा

सिल्वासातल्या एका विद्यार्थ्याच्या गुणपत्रकावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे नाव असते, तर दुसऱ्याच्या गुणपत्रकावर सुरतच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाचे. चौथ्या वर्षाचे नियम, श्रेयांकांची वाटणी आणि परीक्षेचे वेळापत्रक त्या नावावर ठरते, म्हणून मित्राने सांगितलेला नियम आपल्यालाही लागू होईल असे धरून चालू नका. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ च्या प्रथम वर्षापासून आले, म्हणजे त्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये पडते. गुजरातेत सुरुवात एक वर्ष आधी झाली.

चार वर्षांच्या पदवीची मूळ चौकट विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दिली. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. चौथ्या वर्षात दोन वाटा आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येते आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. गुण त्याहून कमी असतील, किंवा संशोधन करायचे नसेल, तर प्रकल्पाऐवजी जादा विषय घेऊन साधे ऑनर्स मिळते. ७३-७४ टक्क्यांवर असाल तर पाचव्या आणि सहाव्या सत्रातले गुण किती मोलाचे आहेत ते आत्ताच कागदावर मांडा.

दुसरी अट महाविद्यालयाची आहे. संशोधनासह ऑनर्स चालवायला विभागात किमान दोन कायमस्वरूपी शिक्षक आणि आवश्यक सोयी असाव्यात, अशी आयोगाची अपेक्षा आहे. लहान महाविद्यालयांत अर्थशास्त्राला एकच कायम शिक्षक असणे नवे नाही. म्हणून पाचव्या सत्रातच प्राचार्यांच्या नावे अर्ज करा आणि लेखी उत्तर मागा: चौथे वर्ष आपल्याकडे सुरू होणार का, कोणत्या वाटेने, मार्गदर्शक कोण? तोंडी ‘होईल, होईल’ यावर वर्ष लावू नका. उत्तर नकारार्थी आले तर पुणे, मुंबई किंवा सुरतेतल्या विद्यापीठाच्या विभागात प्रवेश मिळतो का, याची चौकशी करायला हातात वेळ उरतो. तशा बदलासाठी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते लागते. डिजिलॉकरमध्ये जाऊन आपले श्रेयांक तिथे खरोखर जमा झालेत का ते बघा. एखाद्या सत्राचे श्रेयांक चढलेच नसतील, तर ते ऐन प्रवेशाच्या वेळी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण चौथ्या वर्षालाही होते का, हे त्याच फेरीत विचारून घ्यावे.

या वर्षाने पुढे काय मिळते तेही नीट माहीत असू द्या. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो, नेटला बसता येते आणि पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात आटोपता येते. पण संघ लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते, तिथे ऑनर्स चालत नाही. ती सेवा डोळ्यांपुढे असेल तर चौथ्या वर्षानंतर एम.ए. करायचेच आहे हे धरून चाला.

सहाव्या सत्रानंतरची सुट्टी

सहाव्या सत्राची परीक्षा संपते तेव्हा लग्नसराई असते आणि दिवस भराभर जातात. तरी दोन कामे याच सुट्टीत करा. पहिले गणिताचे: अवकलन, साधे इष्टतमीकरण, सारणी, संभाव्यता, मध्य आणि प्रमाण विचलन, नमुन्यावरून अंदाज कसा बांधतात ते. मराठी माध्यमातून कला शाखेत आलेल्यांना इथे धडकी भरते. पण बारावी वाणिज्यचे गणिताचे पुस्तक काढून रोज दोन उदाहरणे सोडवली तरी महिन्या-दीड महिन्यात पाय रोवता येतो. त्यानंतर दामोदर गुजराती यांच्या अर्थमितीच्या पुस्तकातली पहिली काही प्रकरणे हळूहळू वाचा. दुसरे काम संगणकाचे. ग्रेटल किंवा आर यांपैकी एक प्रणाली उतरवून घ्या, दोन्ही फुकट आहेत. चोरीच्या प्रतीवर काम करू नका.

प्रश्न निवडणे

इथे घाई करू नका, कारण बहुतेक प्रकल्प इथेच फसतात. ‘दादरा-नगर हवेलीचा औद्योगिक विकास: एक अभ्यास’ असा विषय घेतला की वर्षभर उतारे गोळा करण्यापलीकडे काही होत नाही. ज्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘इतके’ असे देता येते, आणि जे उत्तर शोधायला तुम्ही स्वतः जाऊन येऊ शकता, तोच प्रश्न.

असा प्रश्न कसा सुचतो ते एका उदाहरणावरून दाखवतो. जनगणनेचे दोन आकडे घ्या. २००१ मध्ये दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे १,३७,२२५ लोक होते, म्हणजे ६२ टक्क्यांच्या वर. २०११ मध्ये लोकसंख्या ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत जवळपास ५६ टक्के वाढ, देशातल्या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत सर्वांत जास्त. अनुसूचित जमातींचा वाटा ५२ टक्क्यांवर आला. हे वाचून अनेक जण लिहून जातात की आदिवासींची संख्या घटली. घटलेली नाही. ती १,७८,५६४ झाली, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. मग वाटा का घटला? एकूण आकड्यातून वजा करून बघा. इतर लोकसंख्या ८३,२६५ वरून १,६५,१४५ वर गेली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ८१२ वरून ७७४ वर घसरली. आता चित्र उलगडू लागते. एकटे पुरुष कामासाठी येत होते आणि कुटुंब गावी ठेवत होते.

चार वजाबाक्यांतून किती प्रश्न निघाले बघा. आलेला कामगार कुठे राहतो, भाडे किती देतो, किती पैसे गावी पाठवतो? इथल्या वारली मुलाला त्याच कारखान्यात काम मिळते का, आणि मिळाले तर त्याच पगाराचे? शेतजमीन असलेल्या कुटुंबाने खोल्या बांधून भाड्याने दिल्या, तर त्याच्या उत्पन्नात भात किती आणि भाडे किती? यातला कोणताही एक प्रश्न वर्षभराला पुरतो.

आणखी काही दिशा सांगतो. पोर्तुगीज अमलात इथे जमिनी ‘आल्वारा’ म्हणजे सनदेच्या पद्धतीने दिल्या जात. मुक्तीनंतर १९७१ च्या जमीन सुधारणा विनियमाने ती पद्धत मोडीत काढली आणि कसणाऱ्यांना हक्क देण्याची तरतूद झाली. त्या वेळी जमीन मिळालेल्या कुटुंबांच्या तिसऱ्या पिढीकडे आज ती किती उरली आहे? एका गावापुरते हे शोधता येते. मधुबन धरणाच्या जलाशयाकाठच्या दुधनी-कौंचाकडे जाल तर बाजाराला जाण्याचा खर्च आणि वेळ हाच विषय होऊ शकतो. इतिहासाची आवड असेल, तर २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाल्यापासून ११ ऑगस्ट १९६१ ला भारतात विलीन होईपर्यंत हा प्रदेश वरिष्ठ पंचायतीने चालवला, तेव्हा महसूल कुठून येत होता आणि खर्च कशावर होत होता, हा प्रश्न आहे. त्याच्याही मागे जाऊन १७७९ चा पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यातला तह वाचता येईल. नुकसानभरपाई म्हणून इथल्या महसुलाचा हक्क देण्याच्या त्या व्यवहारातून या परगण्याची वेगळी वाट सुरू झाली.

माझी स्वतःची पसंती रेशनच्या विषयाला आहे. अन्नधान्याऐवजी थेट खात्यात पैसे देण्याचा प्रयोग केंद्र सरकारने २०१५-१६ मध्ये तीन केंद्रशासित प्रदेशांत केला: चंडीगड, पुदुच्चेरी आणि दादरा-नगर हवेली. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या अभ्यासकांत कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर हे होते. त्यांच्या पाहणीतून निघालेली एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. सरकारी नोंदीप्रमाणे पैसे जवळपास सगळ्यांना गेलेले होते, पण कुटुंबांना विचारले तेव्हा बऱ्याच जणांनी पैसे मिळाले नाहीत असे सांगितले. कोणत्या खात्यात गेले, कधी गेले, हे त्यांना माहीत नव्हते. सरकारी नोंद आणि घरातले उत्तर यांतले अंतर मोजणे हेच तर आपले काम. आज त्याच पद्धतीने ‘एक देश, एक रेशनकार्ड’ घेता येईल: बिहार किंवा उत्तर प्रदेशातले कार्ड असलेला कामगार सिल्वासातल्या दुकानातून धान्य उचलतो का, आणि नसेल तर का?

प्रश्न लहान वाटतो म्हणून कचरू नका. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एका गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये दख्खनच्या शेतीवर पुस्तक काढले. आज तिथे आयटीवाल्यांच्या इमारती आहेत, पण शंभर वर्षांपूर्वी त्या गावात कोणाकडे किती जमीन आणि किती कर्ज होते हे आपल्याला त्या पुस्तकामुळे कळते. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेत बसवलेली सर्वेक्षणाची घडी याच जातीची होती. दांडेकर आणि रथ यांच्या १९७१ च्या दारिद्र्यावरील अभ्यासामागेही कुटुंबांच्या खर्चाचे आकडे होते. मराठी अर्थशास्त्राची ही परंपरा आहे आणि सिल्वासातला विद्यार्थी तिच्यात बसतो.

प्रश्न एका वाक्यात लिहा. मार्गदर्शकाला दाखवा. ते वाक्य अर्थशास्त्र न शिकलेल्या घरच्या माणसाला कळत नसेल तर पुन्हा लिहा.

घरबसल्या मिळणारी आकडेवारी

गावात किंवा वस्तीत जाण्याआधी टेबलावरचे काम. जनगणनेची गाववार कोष्टके, उद्योगांची वार्षिक पाहणी, श्रमशक्ती सर्वेक्षण, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हे सगळे फुकट मिळते. सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की कुटुंबवार कच्ची माहितीही उतरवता येते.

दोन ठिकाणी पाय घसरतो. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकच केंद्रशासित प्रदेश झाले. त्यानंतरच्या बऱ्याच कोष्टकांत दोघांचा आकडा एकत्र येतो. २०१८ चा एकट्या हवेलीचा आकडा आणि २०२२ चा एकत्रित आकडा शेजारी ठेवून ‘वाढ’ काढलीत तर ती वाढ नकाशातली आहे, अर्थव्यवस्थेतली नाही. एक तर जुन्या वर्षांचे दोन्ही प्रदेश बेरजेने जोडून घ्या, नाहीतर जिल्हावार आकडा मिळतो तेवढाच वापरा. दुसरे म्हणजे देशव्यापी नमुना पाहणीत इतक्या लहान प्रदेशातली कुटुंबे थोडी असतात. त्यातून ‘खानवेल भागातल्या स्त्रियांचा बेरोजगारी दर’ काढायला जाऊ नका, आकडा येईल पण त्याला अर्थ नसेल.

करसवलतीचा विषय घेणाऱ्यांसाठी एक इशारा. सवलती आल्या आणि कारखाने वाढले, म्हणून सवलतीमुळेच वाढले, असे सिद्ध होत नाही. वापीचा रेल्वेमार्ग, मुंबईची जवळीक आणि महामार्ग हेही त्याच काळात होते. हद्दीपलीकडे वापी-उंबरगाव आणि पालघर जिल्ह्यातले तलासरी आहे, त्यांच्याशी तुलना करा. हद्दीच्या दोन्ही बाजूंना जमीन तीच, पाऊस तोच, बाजार जवळपास तोच. बदलतात ते कायदे आणि कर. आपल्या प्रदेशाच्या आकाराने ही सोय करून दिली आहे.

कोणाला विचारायचे

समजा तुमचा प्रश्न सामरवरणी किंवा मसाटच्या चाळींत राहणाऱ्या कामगारांचा आहे. ओळखीच्या ठेकेदाराकडून पन्नास माणसे गोळा करून प्रश्नावली भरून घेणे सोपे असते. पण ती पन्नास माणसे ठेकेदाराने निवडलेली असतात, तुम्ही नाही.

त्याऐवजी आधी यादी करा. एक वस्ती ठरवा, दोन दिवस फिरून प्रत्येक खोलीला क्रमांक द्या. समजा ४०० खोल्या निघाल्या. एखाद्या गोष्टीचे प्रमाण, उदाहरणार्थ किती खोल्यांत रेशन मिळते हे, दहा टक्क्यांच्या आतबाहेर आणि ९५ टक्के खात्रीने सांगायचे असेल तर सूत्र ९६ चा नमुना सांगते. वस्ती फक्त ४०० खोल्यांची असल्याने दुरुस्ती केली की तो ७८ वर येतो. ८० घ्या. चारशे भागिले ऐंशी म्हणजे पाच. एक ते पाचमधली एक चिठ्ठी उचला, तीन आली तर तिसरी, आठवी, तेरावी अशा खोल्या घ्या.

तेराव्या खोलीला कुलूप असेल तर चौदावीत शिरायचे नाही. कुलूप आहे म्हणजे माणूस बहुधा पाळीवर आहे, आणि त्या वेळी पाळीवर असलेला माणूस घरी असणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. त्या खोलीत दुसऱ्या वेळी जा, तिसऱ्यांदाही जा. तरी भेट झाली नाही तर तशी नोंद करा. किती खोल्या भेटल्याच नाहीत हा आकडा प्रकल्पात छापा.

प्रश्नावली

‘पगार किती?’ हा प्रश्न विचारू नका. का ते बघा. एका कामगाराचा कागदावरचा पगार १४,००० रुपये आहे असे धरू. त्यावर पीएफचे १२ टक्के, म्हणजे १,६८० गेले. ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे १०५ गेले. हातात १२,२१५. ठेकेदाराने खानावळीचे २,५०० परस्पर कापले तर उरले ९,७१५. आणि ओव्हरटाइमचे ३,००० रोख वेगळे मिळाले. हा माणूस १४,००० सांगेल, १२,२१५ सांगेल, ९,७१५ सांगेल किंवा रोख धरून आणखी काही सांगेल. प्रत्येक उत्तर खरे आहे. तुमच्या ऐंशी उत्तरांत ही सगळी मिसळली तर सरासरीला काहीच अर्थ राहत नाही.

म्हणून तुकडे करा. गेल्या महिन्यात किती दिवस हजेरी लागली? खात्यात किती आले? रोख किती मिळाले? पगारातून काय काय कापले? जादा किती तास भरले आणि त्याचे वेगळे किती मिळाले? ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा असा कायदा आहे, पण तुम्ही कायदा सांगायला गेलेला नाही, फक्त तास आणि रुपये लिहून घ्या. ‘साधारण’ आणि ‘सहसा’ हे शब्द टाळा, ‘गेला महिना’ विचारा. उत्पन्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी गाव, कधी आलात, खोलीत किती जण, असे सुरू करा.

शेतकरी कुटुंबात पगाराच्या जागी भाताची पोती, मोहाची फुले, रोजगार हमीचे दिवस आणि मुलाने कंपनीतून आणलेले पैसे येतात. घरी खाल्लेले भातही उत्पन्न आहे, त्याची किंमत लावण्याची पद्धत आधी ठरवा.

भाषेचे बघा. खानवेलकडच्या वृद्ध वारली बाईला प्रमाण मराठीतला प्रश्न परका वाटतो आणि चाळीतल्या बिहारी कामगाराला गुजराती कळत नाही. प्रश्नावली त्या त्या बोलीत बोलून बघणारा एक साथीदार सोबत घ्या. दहा जणांवर आधी चाचणी करा आणि ज्या प्रश्नावर माणसे थबकतात तो बदला. त्या दहा जणांना अंतिम नमुन्यात धरू नका.

संमती घ्या. महाविद्यालयाचे शिक्क्याचे पत्र जवळ ठेवा, गावात गेल्यावर आधी सरपंचांना भेटा. नाव, आधार क्रमांक, कंपनीचे नाव लिहून घेऊ नका, खोलीचा क्रमांक पुरतो. तुमच्या कागदामुळे कोणाची नोकरी जाता कामा नये, हे कोणत्याही निष्कर्षापेक्षा मोठे आहे. तुम्ही सरकारी योजनेची यादी करायला आलात असा समज झाला तर तो लगेच दूर करा, नाहीतर उत्तरे योजनेसाठी दिली जातील.

पंचांग

सातवे सत्र जून-जुलैत सुरू होते आणि तेव्हा इथे धो धो पाऊस असतो. दुधनी-मांदोनीकडे जाण्याचे ते दिवस नव्हेत, शिवाय लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याला बसवून प्रश्न विचारणे अन्यायच आहे. हे महिने वाचन, आकडेवारी आणि प्रश्नावलीसाठी ठेवा. शेतकरी कुटुंबांकडे भात घरात आल्यावर, कार्तिकात जा. पण वीटभट्टीवर किंवा बाहेरगावी मजुरीला जाणारी कुटुंबे त्याच सुमारास घर सोडतात, तेव्हा फार उशीर केलात तर सर्वांत गरीब घरेच तुमच्या यादीतून गळतील.

चाळींचे उलटे आहे. दिवाळी ते छठ या दिवसांत उत्तर भारतातले कामगार गावी जातात, मागे उरतात ते रजा न मिळालेले किंवा तिकिटाचे पैसे नसलेले. तेव्हा केलेली पाहणी वाकडीच येणार. सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी बरे. होळीच्या आत संपवा. पाळी आठ तासांची की बारा तासांची ते वस्तीत आधी विचारा आणि आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी जा. थकून आलेल्या माणसाला रात्री दहाला उठवून मिळवलेले उत्तर घेऊ नये.

रोज संध्याकाळी त्या दिवशीचे फॉर्म संगणकात भरा. आठवड्याने भरायला बसलात की ‘७’ होता की ‘१’ होता हे आठवत नाही.

विश्लेषण

इथे कमी करा, नीट करा. आधी प्रत्येक आकड्याचा मध्य, मध्यगा आणि टोकाची मूल्ये बघा. कोणाचा पगार १,४०,००० दिसला तर एक शून्य जास्त पडले आहे. मग दोन गटांची तुलना, उदाहरणार्थ कायम आणि कंत्राटी कामगारांच्या तासाच्या मजुरीची. त्यानंतर हवे असल्यास समाश्रयण: एका बाजूला तासाची मजुरी, दुसऱ्या बाजूला शिक्षण, अनुभवाची वर्षे, कंत्राटी की कायम, स्थानिक की बाहेरचा. ऐंशी उत्तरांवर पाच-सहापेक्षा जास्त कारणे लादू नका. स्थानिक कामगाराला कमी मजुरी मिळते असे दिसले, तर लगेच भेदभाव म्हणू नका. तो कदाचित कमी वर्षे टिकतो, किंवा शेतीच्या दिवसांत सुट्टी घेतो म्हणून हंगामी कामावर ठेवला जातो. हे पडताळण्याचा प्रश्न प्रश्नावलीत होता का, हे इथे कळते. म्हणून विश्लेषणाचे रिकामे कोष्टक प्रश्नावली छापण्याआधीच कागदावर आखून ठेवावे.

अपेक्षेच्या उलट निकाल आला तर तो तसाच लिहा. काहीच फरक आढळला नाही हाही निकाल आहे.

लिहिणे आणि तोंडी परीक्षा

विद्यापीठ परवानगी देत असेल आणि तुम्ही मराठीत विचार करत असाल तर मराठीत लिहा. मार्गदर्शकाला जानेवारीत पद्धतीचे प्रकरण द्या, मार्चमध्ये निकालांचे, प्रस्तावना शेवटी. इतरांचे परिच्छेद उचलू नका. साम्य तपासणाऱ्या प्रणालीत दहा टक्क्यांच्या आत राहणे हा सर्वसाधारण दंडक आहे, पण पकडले जाण्याच्या भीतीने नव्हे तर तुमच्याकडे ऐंशी खोल्यांची स्वतःची माहिती आहे म्हणून उचलेगिरीची गरजच पडू नये. प्रश्नावली, नावे नसलेली खोल्यांची यादी आणि संगणकातली मूळ फाइल परिशिष्टासोबत द्या.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक हमखास विचारतात की एकाच वस्तीवरून संपूर्ण सिल्वासाबद्दल कसे बोलता? बोलत नाही, असे सांगा, आणि ही वस्ती का निवडली, इतर वस्त्यांपेक्षा ती कुठे वेगळी असू शकते, हे तीन वाक्यांत सांगता येईल इतकी तयारी ठेवा. ४०० चे ८० कसे झाले आणि न भेटलेल्या खोल्या किती, हे विचारले तर फळ्यावर जाऊन आकडे मांडा.

निकाल लागल्यावर ज्या वस्तीत किंवा गावात फिरलात तिथल्या पंचायतीला दोन पानांचा सारांश नेऊन द्या, आणि एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी येणारा विद्यार्थी तीच वस्ती घेऊन काय बदलले ते मोजू शकेल.